खाणीतला गाळ ओढ्यात येतोय, पण नेमका कुठून? शोधायचं कसं?

ओढ्याकाठचा
मंडळी, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या घरामागून ओढा जातो आणि वरच्या अंगाला दोन-अडीच किलोमीटरवर लोखंडाच्या खनिजाची उघडी खाण आहे. पाऊस पडला की ओढा गढूळ होतो हे लहानपणापासून बघतोय, त्यात नवल काही नाही. पण पूर्वी एका दिवसात निवळायचा, आता चार-चार दिवस विटेच्या रंगाचा राहतो. गेल्या महिन्यात तर पावसाचा थेंब नसताना दोन वेळा सकाळी सकाळी लाल पाणी. ज्या डोहात उतरलं की गोटे पायाला टोचायचे तिथे आता घोट्यापर्यंत पाय रुततो.

खाणवाल्यांना विचारलं. म्हणाले आमचा सेटलिंग पॉन्ड (गाळ खाली बसवायचं तळं) आहे, सगळं पाणी त्यातूनच बाहेर जातं, दर महिन्याला सॅम्पल घेतो, रिपोर्ट ओके आहेत, तुमच्या बाजूच्या शेतांची माती येत असेल. मग संबंधित कार्यालयात फोटो घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी माझा मोबाईल हातात घेतला, फोटो झूम केला आणि म्हणाले, "पाणी लाल आहे हे दिसतंय, खाणीचं आहे हे कुठे दिसतंय?" तिथे डोकं फिरलं होतं माझं, पण घरी येईपर्यंत पटलं की माणूस चुकीचं बोलला नाही.

तर प्रश्न हा की हे सिद्ध कसं करतात? माझ्याकडे एक बाईक, एक मोबाईल, बऱ्यापैकी मोकळा वेळ आणि शाळेतलं विज्ञान एवढंच भांडवल आहे.

आळशी_कासव
वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निवळी
ओढ्याकाठचे, माझा बऱ्याच वर्षांचा पाण्याच्या सॅम्पलिंगचा अनुभव आहे म्हणून लिहिते. साहेब बरोबर बोलले. एका जागेचा फोटो म्हणजे काहीच नाही. तुम्हाला पाहिजे ती तुलना, आणि तीही खाणीच्या वर आणि खाणीच्या खाली, एकाच पावसात. वरचं पाणी नितळ आणि खालचं लाल असेल तर बोलायला जागा आहे. वरचंही लाल असेल तर आधी वर काय चाललंय ते बघा.

आधी एक काम करा, कागदावर ओढ्याचा नकाशा काढा. खाणीच्या वरपासून तुमच्या घरापर्यंत ओढ्याला जे जे येऊन मिळतं ते सगळं त्यात हवं, पॉन्डच्या सांडव्याचं पाणी, शेतांकडून येणारा ओहोळ, रस्त्याची मोरी, सगळं. प्रत्येक मिळणीच्या थोडं वर एक आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली एक अशा जागा ठरवा. मिळणीला अगदी लागून घेऊ नका, दोन पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, एका काठाला लाल आणि दुसऱ्या काठाला स्वच्छ. चुकीच्या काठावरून बाटली भरली की सगळी मेहनत फुकट.

आणि खाणीच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. जे दिसेल ते सार्वजनिक रस्त्यावरून, पुलावरून. पॉन्डच्या सुकलेल्या गाळावर तर कधीच नाही, वरून पापडी धरलेली असते, खाली लिबलिबीत, माणूस कमरेपर्यंत जातो.

शंकासुर
एवढं कशाला करायचं? उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात की. सेंटिनेल-२ बघा, घरबसल्या काम.

निवळी
@शंकासुर, सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटरचा असतो. यांचा ओढा चार-पाच मीटर रुंद असेल, वरून झाडं. पाणी दिसणारच नाही. शिवाय दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी एक फेरी होते आणि नेमका पावसाच्या दिवशी वर ढग. हां, खाणीचा उघडा भाग किती वाढला, पॉन्ड किती लाल किंवा किती भरलेला दिसतो, नवा डंप (टाकाऊ मातीचा ढीग) कधी टाकायला लागले, हे मात्र २०१५ पासूनच्या फोटोंत बघता येईल. त्यासाठी जरूर बघा.

ओढ्याकाठचा
नकाशा काढला. वरून खाली असं आहे. खाणीच्या वर लाकडी साकव, त्याला 'क' म्हणतो. मग हॉल रोड, म्हणजे खाणीचे डंपर जातात तो रस्ता, त्याखालची मोरी, तिच्यातून डंपच्या बाजूचा एक छोटा नाला येतो, त्याच्या खालचा पॉइंट 'ख'. मग पॉन्डचा सांडवा येऊन मिळतो, त्याखाली 'ग'. मग डाव्या बाजूने शेतांचा ओहोळ, आणि शेवटी आमच्या घरामागे 'घ'. सांडवा वाहतोय की नाही हे पुलावरून स्पष्ट दिसतं, कुंपणाच्या बाहेरूनच.

डंपरदादा
मी दुसऱ्या एका खाणीत १४ वर्षं आहे, आधी डंपर चालवला, आता पाण्याचं बघतो. खाण म्हटलं की सगळे हातात दगड घेऊनच येतात म्हणून आमची बाजू मांडतो.

पॉन्ड म्हणजे काय जादूची पेटी नाही. पाणी आत येतं, संथ होतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं सांडव्यातून जातं. पण गाळ बसायला वेळ लागतो आणि तो कणाच्या आकारावर ठरतो. बारीक वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. १० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०१ मिलिमीटरचा, कण तीन तास. आणि २ मायक्रॉनची चिकणमाती तीन दिवसांच्या वर, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. स्टोक्सने १८५१ मध्येच गणित मांडून ठेवलंय, व्यास निम्मा केला की वेग चौथाईवर येतो. लाल मातीत ही चिकणच जास्त. मग चार दिवस ओढा लाल राहिला याचा अर्थ कोणी चोरी केली असाच होत नाही.

शंकासुर
म्हणजे पॉन्ड असून उपयोग शून्य असंच ना दादा?

डंपरदादा
तसं नाही हो. पॉन्ड किती खोल यापेक्षा त्याचं क्षेत्रफळ किती हे महत्त्वाचं, हे आमच्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. समजा एक हेक्टरचा पॉन्ड आहे आणि सांडव्यातून सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी बाहेर पडतंय. तर भागाकार येतो सेकंदाला ०.०५ मिलिमीटर. यापेक्षा जलद बसणारे कण अडकणार, म्हणजे साधारण ७-८ मायक्रॉनच्या वरचे. खालचे बरेचसे बाहेर. त्यांना अडवायचं तर तुरटी किंवा पॉलिमर टाकून कणांचे गोळे करावे लागतात, आणि तेही मापात. काही पॉलिमर जास्त पडले तर माशांच्या कल्ल्यांना चिकटतात, रोगापेक्षा औषध भारी.

आणि हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्षात पॉन्ड अर्धा गाळाने भरलेला असतो, पाणी एका कोपऱ्यातून शिरून सरळ रेषेत सांडव्याकडे पळतं, बाकीचा पॉन्ड नुसता शोभेला. गाळ उपसायला पोकलेन मागितला की वरून उत्तर येतं, पुढच्या महिन्यात बघू.

निवळी
डंपरदादा, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं.

मुरूमखडी
अवांतर, पण कॅलिफोर्नियाची गोष्ट इथे आठवते. तिथे १८५३ पासून सोन्यासाठी डोंगरावर तोफेसारखा पाण्याचा मारा करायचे, आख्खे उतार धुऊन नदीत. खाली शेतं गाडली गेली, नदीचं पात्र वर आलं, पूर यायला लागले. शेवटी १८८४ साली कोर्टाने असा गाळ नदीत सोडायला बंदी घातली. पुढे गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये त्यावर मोठा अहवाल लिहिला, त्यात दाखवलं की खाणकाम थांबल्यावरही तो गाळ लाटेसारखा हळूहळू खाली सरकत राहतो. वरचं पात्र मोकळं होत असतं तेव्हा खालचं भरत असतं. तेव्हा डोहात रुतलेला पाय लगेच मोकळा होईल अशी आशा ठेवू नका.

आळशी_कासव
ब्राझीलला २०१५ मध्ये झालं ते पण हेच ना? समुद्रापर्यंत लाल नदी.

मुरूमखडी
नाही, तो टेलिंग्जचा, म्हणजे खनिज काढून उरलेल्या चिखलाचा, बांध फुटला होता, ५ नोव्हेंबर २०१५, फुंदाओ नावाचा. १९ माणसं गेली, आणि चिखल दोसी नदीतून सहाशेच्या वर किलोमीटर जाऊन अटलांटिकला मिळाला. तो अपघात. इथे चाललंय ते रोजचं झिरपणं आहे, जे बातमीत येत नाही. दोन्हीची चौकशी वेगळ्या पद्धतीने होते.

प्रयोगशाळेतली
मी लॅबमध्ये आहे, थोडं सॅम्पलबद्दल. लोक सॅम्पल आणतात आणि निम्मी बाद करण्याच्या लायकीची असतात.

बाटली काठोकाठ भरून वरचं ओतून टाकू नका, जड कण तळाशी राहतात आणि रिझल्ट उगाच वाढतो. खालच्या पॉइंटपासून सुरू करून वर वर जा, म्हणजे तुम्ही ढवळलेला गाळ तुमच्याच पुढच्या सॅम्पलमध्ये येणार नाही. पाण्यात उभं राहायचं ते बाटलीच्या खालच्या बाजूला, तोंड प्रवाहाकडे, मधल्या खोलीवर. तळाला बाटली टेकली की ते सॅम्पल फेकून द्या. आणि पूर असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, पुलावरून दोरीला बादली बांधून काढा. एक बाटलीभर माती जिवापेक्षा मोठी नाही. घेतलेल्या बाटल्या अंधारात, थंड, फ्रीजच्या तापमानाला ठेवा आणि सात दिवसांत लॅबला द्या.

लॅबमध्ये दोन गोष्टी होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा, एनटीयू या एककात. प्रकाश टाकायचा आणि काटकोनात किती विखुरतो ते मोजायचं. दुसरं टीएसएस, म्हणजे पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळायचं, कागद १०३ ते १०५ अंशाला वाळवायचा आणि वजन करायचं. मिलिग्रॅम प्रति लिटर. आता चिमूटभर चिकणमाती पाण्याला भयंकर गढूळ करते पण वजनाला काहीच नाही, आणि मूठभर वाळू वजनाला भारी पण मीटरवर फारशी दिसत नाही. म्हणून एनटीयूचा आकडा घेऊन 'इतकी टन माती गेली' असं कोणी म्हणालं तर विचारा, या ओढ्यावर दोन्ही मोजून ताळा घातलाय का?

ओढ्याकाठचा
ताई, लॅबचा खर्च दर वेळी झेपणार नाही. घरगुती काही?

प्रयोगशाळेतली
आहे की. एक पारदर्शक नळी घ्या, ६० सेंटिमीटर किंवा जमली तर १२० ची, तळाला काळी-पांढरी चकती चिकटवा. वरून बघत पाणी कमी करत जायचं, चकती दिसायला लागली की उंची लिहायची. स्वतःच्या सावलीत उभं राहून बघा आणि दर वेळी एकाच माणसाने बघा. दुसरं, सारख्या बाटल्या सारख्या उंचीपर्यंत भरून खिडकीत ओळीने ठेवा, दोन दिवस हलवू नका. तळाला किती थर बसला आणि वरची निवळी किती लाल राहिली, फोटो काढा. लॅबची मोजकीच सॅम्पलं द्या, बाकी दिवसांना हे. पण वेळ लिहा. वेळ नसलेलं सॅम्पल म्हणजे नुसतं पाणी.

शंकासुर
आणि शेतांची माती येते म्हणतात त्याचं काय? माती काय आधार कार्ड घेऊन फिरते का 😀

मुरूमखडी
जवळजवळ घेऊन फिरते! डंपची, हॉल रोडची, शेताची, ओढ्याच्या काठाची, प्रत्येक जागेची थोडी माती घ्यायची आणि ओढ्यातल्या गाळाशी जुळवायची. लोह, मँगनीज वगैरेंची प्रमाणं प्रत्येकाची वेगळी. मात्र जुळवताना सगळीकडचे ६३ मायक्रॉनच्या खालचे कणच घेतात, कारण बारीक कणांवर धातू जास्त चिकटतात, जाड मातीशी बारीक गाळ ताडला तर उत्तर चुकतं.

अजून एक भारी प्रकार म्हणजे सीझियम-१३७. मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून ते हवेतून जगभर पडलं आणि जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये धरून बसलं. शेताच्या वरच्या मातीत ते सापडतं. खाणीतून खोलवरून काढलेल्या मातीने तो पाऊस कधी बघितलेलाच नाही, म्हणून तिच्यात जवळपास नसतं. अर्थात ढासळलेल्या काठाची खोल मातीही तशीच निघते, तेव्हा तेवढ्यावर खाणीला दोषी धरता येणार नाही. आणि हे काम विद्यापीठाच्या पातळीवरचं आहे, बाईकवरचं नाही.

ओढ्याकाठचा
सीझियम राहू द्या, घड्याळावर काम झालं असं वाटतंय. ऐका.

काल पाऊस आला. चुलतभाऊ 'क' ला साकवावर, मी मोरीजवळच्या पुलावर. ४:१० ला जोराचा सुरू झाला. ४:२५ ला मोरीतून पाणी आलं आणि ते पाणी म्हणावं का हाच प्रश्न, रंगाच्या डब्यात पाणी ओतल्यासारखं दाट. हॉल रोडवर डंपर जाऊन जाऊन पिठासारखी माती झालीय, ती सगळी कडेच्या चरातून थेट मोरीत. त्या वेळी 'क' ला भावाच्या नळीत चकती पूर्ण ६० सेंटिमीटरमधून दिसत होती. 'ख' ला मला चार बोटं पाण्यातूनही दिसेना.

आणि आता खरी गंमत. पॉन्डचा सांडवा तेव्हा कोरडा होता! तो वाहायला लागला ५:४० ला. म्हणजे सव्वा तास ओढा लालभडक वाहत होता तेव्हा पॉन्डमधून थेंब बाहेर पडला नव्हता. मी दोन वर्षं पॉन्डला शिव्या घालतोय.

शेतांचा ओहोळ पण बघितला, गढूळ होता पण काळपट तपकिरी, आणि बाटलीत नखाएवढाच थर बसला. मोरीच्या बाटलीत दोन बोटं.

निवळी
वा! ही खरी चौकशी. खाणवाले म्हणतात 'सगळं पाणी पॉन्डमधून जातं', ते वाक्यच मोरीने खोटं पाडलं. आणि ते महिन्याला सॅम्पल घेतात ते कुठे? सांडव्याला. मोरीला कोणी बाटली लावतच नाही. शिवाय महिन्याची तारीख ठरलेली असते, त्या दिवशी बहुधा ऊन. वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा मोजक्या मोठ्या पावसांत जातो, त्यामुळे बारा स्वच्छ रिपोर्ट आणि भरलेला डोह दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

एक सूचना. पाण्याचा प्रवाहही मोजा. पुलाखालची रुंदी, खोली, आणि एखादा तरंगणारा लाकडी तुकडा दहा मीटर जायला किती सेकंद घेतो ते. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणा. मग लॅबचा आकडा गुणिले प्रवाह. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि सेकंदाला २ घनमीटर पाणी असेल तर सेकंदाला एक किलो माती झाली, दिवसभर तसंच राहिलं तर ८६ टन. नुसतं 'पाणी लाल' म्हणण्यापेक्षा टनाची भाषा लवकर कळते लोकांना.

डंपरदादा
हॉल रोडचं पटलं. आमच्याकडेही हेच होतं, पॉन्डवर सगळ्यांचं लक्ष आणि रस्ता कोणाचाच नाही. पण पाऊस नसताना लाल पाणी येतं म्हणालात, ते रस्त्याने होत नाही. कोरडा रस्ता वाहत नाही.

ओढ्याकाठचा
तेच तर! ते कोडं अजून आहेच.

डंपरदादा
सकाळीच दिसतं ना? मग रात्री काय चालतं ते ऐका. शब्दशः ऐका.

शंकासुर
दादा सूचक बोलायला लागले 👀

ओढ्याकाठचा
आठवड्याने येतोय. तीन रात्री अलार्म लावून उठलो. तिसऱ्या रात्री पावणेचारला पुलावर गेलो तर पंपाची घरघर. बॅटरी मारली, सांडवा वाहतोय, लाल. पाऊस पाच दिवसांत नव्हता. सहा वाजता घरामागे 'घ' ला पाणी लाल. 'क' नितळ, मोरी कोरडी ठणठणीत, शेतांचा ओहोळ पण आटलेला. दर पंधरा मिनिटांनी फोटो काढले, वेळेसकट. सात सॅम्पलं घेतली, तीन लॅबला दिली.

उजाडल्यावर पुलावरून दिसलं की पंपाचा मोठा होज कुंपणाच्या आतून येऊन पॉन्डमध्ये सोडलाय, पण सांडव्यापासून पंधरा-वीस पावलांवरच.

डंपरदादा
मला तेच वाटत होतं. खाणीच्या तळात सम्प असतो, पावसाचं आणि झिरपलेलं पाणी तिथे जमतं. दिवसा तिथे मशीन चालतात म्हणून उपसा रात्री. इथपर्यंत चूक काही नाही, त्याला चोरी म्हणू नका. चूक पुढे आहे. होज लांब टाकायचा कंटाळा, म्हणून जवळच्या टोकाला सोडला, आणि नेमकं ते सांडव्याचं टोक. पाणी पॉन्डमध्ये आलं आणि मागल्या दारानं गेलं, निवळायला वेळच नाही. दुसरं म्हणजे सम्पमधला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तळाच्या गाळात बसलेला असणार, त्यामुळे पाणी नाही, राबडा उपसला जातोय. दोन रिकामी पिंपं बांधून फूटव्हॉल्व्ह तरंगता ठेवला आणि होज पॉन्डच्या वरच्या टोकाला नेला तर निम्मं काम होतं. खर्च म्हणजे होजचे काही तुकडे आणि दोन माणसांचा एक दिवस.

प्रयोगशाळेतली
ओढ्याकाठचे, रिपोर्ट आले की नुसते आकडे नाही, कोणी, कुठे, किती वाजता बाटली भरली आणि कोणाच्या हातून लॅबला आली हे सगळं सोबत लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.

जाता जाता, तुमच्या पाण्याचा सामू (पीएच) पण एकदा साध्या पट्टीवर बघा. ओढ्यातला सगळाच लाल-पिवळा रंग मातीचा असतो असं नाही. काही खाणींत गंधक असलेली खनिजं हवापाण्याने आम्ल बनवतात, त्यात लोह विरघळतं आणि खाली स्वच्छ पाण्याला मिळालं की केशरी साका दगडांवर चढतो. तो हाताला शेवाळासारखा लागतो, दाणेदार लागत नाही. तसं असेल तर रस्ते आणि पॉन्ड सुधारून काही होणार नाही, तो आजारच निराळा.

ओढ्याकाठचा
सामू सगळीकडे ७ च्या आसपास, आणि दगडावरचा थर बोटांत चोळला की माती लागते, बारीक कच येते. सुटलो.

लॅब रिपोर्ट आले. मोरीच्या सॅम्पलला त्यांनी पाणी कमी घ्यावं लागलं असा शेरा मारलाय, गाळणकागद तुंबत होता म्हणे. त्या पावसात 'ख' चा टीएसएस 'क' च्या नऊपट. पंपाच्या रात्री 'ग' चा 'क' च्या सहापट.

उद्या हे सगळं घेऊन त्याच साहेबांकडे जातोय. नकाशा, वेळांचा तक्ता, बाटल्यांचे फोटो. शिव्या एकही नाही.

आळशी_कासव
शुभेच्छा! आल्यावर लिहाच.

शंकासुर
मला अजून एक शंका आहे. वर-खाली एकाच वेळी मोजलं म्हणता, पण 'क' चं पाणी 'घ' ला पोचायला वेळ लागणारच ना? मग ते एकच पाणी कसं?

निवळी
@शंकासुर, आज पहिल्यांदा नावाला जागलात. बरोबर आहे. म्हणून एकेक सॅम्पल घेऊन भागत नाही, दर पंधरा मिनिटांची मालिका लागते, मग खालचा आलेख तेवढा मागे सरकवून वरच्यावर ठेवता येतो. यांनी पंपाच्या रात्री तेच केलंय. मोरीच्या पावसात 'क' आणि 'ख' मध्ये अंतरच इतकं कमी आहे की फरक पडत नाही.

ओढ्याकाठचा
धागा वर काढतोय, दीड महिना झाला.

साहेबांनी या वेळी फोन झूम केला नाही. वेळांचा तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, सांडवा ५:४० ला सुरू झाला हे कशावरून? व्हिडिओ दाखवला. मग संयुक्त पाहणी लागली. खाणीचे मॅनेजर आधी तावातावाने आले होते, पण मोरीजवळ उभं राहिल्यावर त्यांनाच सांगावं लागलं की या चराचं पाणी पॉन्डला जात नाही, रस्ता रुंद केला तेव्हा चर बंद झाला आणि उतार फिरला. म्हणजे कोणी मुद्दाम केलं नव्हतं, कोणी बघितलंही नव्हतं.

आता चर परत पॉन्डकडे वळवलाय, मध्ये मध्ये दगडांचे छोटे बांध घातलेत आणि मोरीच्या वरच्या रस्त्यावर खडी टाकलीय. होज पलीकडच्या टोकाला गेला. फूटव्हॉल्व्हला पिंपं बांधली की नाही माहीत नाही, आतलं दिसत नाही. पण सांडवा आता रात्रीही वाहतो तो फिकट, ताकाच्या पाण्यासारखा. पॉन्डचा गाळ उपसायचं मात्र 'पुढच्या महिन्यात बघू'.

डंपरदादा
सांगितलं होतं ना 😄

ओढ्याकाठचा
हो दादा, ते वाक्य ऐकल्यावर तुमचीच आठवण आली, साहेबांसमोर हसू दाबावं लागलं.

परवाच्या पावसात परत दोघं उभे राहिलो. 'ख' ला या वेळी चकती २२ सेंटिमीटरला दिसली, आधी चार बोटांतूनही दिसत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरामागचं पाणी निवळलं होतं. डोहात उतरून बघितलं, पाय अजून रुततोच. गोटे खाली लागतात, पण चिखलाच्या खाली.

मुरूमखडी
ते लागणारच. मोठा पूर येऊन तो थर धुऊन नेत नाही तोवर तसंच. एका गोट्याला खूण करून ठेवा, दर महिन्याला पट्टी लावून थर मोजा. पॉन्ड उपसायला लावायचा असेल तर तो आकडाही हातात असू दे.

ओढ्याकाठचा
खूण केली. आज पट्टीवर ११ सेंटिमीटर.